तो गोल कोणाच्या नावावर? सर्वसमावेशक शालेय फुटबॉल संघाचे एक प्रकरण

हे प्रकरण एका माध्यमिक शाळेतील मिश्र फुटबॉल संघाचे आणि त्याच्या जोडीने चालणाऱ्या विद्यार्थी नेतृत्व समितीचे आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून शाळेचा, ठिकाणाचा आणि वर्षाचा उल्लेख टाळला आहे आणि तीन विद्यार्थ्यांचा निर्देश ‘क’, ‘ग’ आणि ‘न’ अशा अक्षरांनी केला आहे. मी त्या काळात शाळेत विशेष शिक्षिका होते आणि उपक्रमाचे समन्वयन माझ्याकडे होते. पुढे ज्या निर्णयांची चिकित्सा केली आहे, त्यांतले काही माझेच आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

पार्श्वभूमी

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी संघटित क्रीडास्पर्धा भरवण्याचा इतिहास फार जुना नाही. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर स्पेशल ऑलिम्पिक्सचे पहिले आंतरराष्ट्रीय सामने झाले. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ ही कल्पना पुढे आली. तिच्यात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले विद्यार्थी एकाच संघातून खेळतात. पहिल्या गटाला ‘खेळाडू’ आणि दुसऱ्या गटाला ‘जोडीदार’ म्हणण्याची पद्धत आहे. या लेखात तेच शब्द वापरले आहेत. सात जणांच्या फुटबॉलमध्ये मैदानावर चार खेळाडू आणि तीन जोडीदार असतात, आणि संघाला स्वतः न खेळणारा प्रौढ प्रशिक्षक असावा लागतो.

आमच्या शाळेत बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग काही वर्षांपासून होता. इमारत एक, प्रवेशद्वार एक, पण मधल्या सुट्टीत मैदानाचे दोन भाग आपोआप पडत असत. हे मोडावे म्हणून मिश्र संघ सुरू झाला. संघात पंधरा जण होते: आठ खेळाडू आणि सात जोडीदार. सराव आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्यावर होई. त्याच वर्षी आठ विद्यार्थ्यांची नेतृत्व समिती नेमली, चार या बाजूचे आणि चार त्या बाजूचे. अध्यक्षपद एका जोडीदार विद्यार्थ्याकडे आणि उपाध्यक्षपद ‘ग’कडे होते. ‘ग’ ही डाउन सिंड्रोम असलेली पंधरा वर्षांची मुलगी संघातही होती. कागदावर रचना निर्दोष दिसत होती. मुख्याध्यापिकांचा पाठिंबा होता, पालक खूश होते आणि पहिल्या सहामाहीच्या अहवालात मी ‘समान सहभाग’ हा शब्द निःशंकपणे लिहिला होता.

समस्या कशी समोर आली

दुसऱ्या सहामाहीत शेजारच्या एका शाळेच्या मिश्र संघाशी मैत्रीपूर्ण सामना झाला. आम्ही चार गोलांनी मागे होतो आणि शेवटची काही मिनिटे उरली होती. चेंडू डाव्या बाजूने खेळणाऱ्या ‘क’कडे आला. ‘क’ सोळा वर्षांचा, वेगवान, बोलायला कमी पण खेळाची चांगली समज असलेला मुलगा. तो चेंडू घेऊन निघाला आणि समोरचे दोन बचावपटू जागच्या जागी उभे राहिले. त्यांतल्या एकाने तर हात पाठीमागे बांधले. गोलरक्षक ‘क’ने पाय उचलण्याआधीच दुसऱ्या बाजूला झुकला. फटका जोराचा नव्हता. चेंडू घरंगळत रेषेपलीकडे गेला आणि दोन्ही शाळांच्या मुलांनी मैदानात धाव घेऊन ‘क’ला उचलून घेतले. प्रेक्षकांपैकी काहींचे डोळे पाणावले होते. ‘क’ मात्र त्या गर्दीतून मान वळवून गोलरक्षकाकडे पाहत होता.

सामना संपल्यावर तो बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. मी शेजारी बसले.

‘मॅडम, तो हललाच नाही.’

‘कोण?’

‘गोलकीपर. त्याला अडवता आला असता.’

मी म्हणाले, ‘अरे, पण किती छान गोल होता!’ त्याने नाडी पूर्ण सोडली, बूट काढला, त्यातली माती झटकली आणि खाली पाहत म्हणाला, ‘माझ्या नावावर लिहू नका.’

या प्रकरणातील पहिला निर्णय माझ्या त्या वाक्यात झाला होता आणि तो चुकीचा होता. ‘क’ने जे पाहिले ते अचूक होते. मी त्याच्या निरीक्षणाला उत्तर न देता त्याची समजूत काढायला लागले. मोठ्या माणसांना ही सवय इतकी जडलेली असते की आपण समोरच्याचे म्हणणे खोडून काढत आहोत, हे बोलताना जाणवतही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गोलाची चित्रफीत शाळेच्या समाजमाध्यमावरील पानावर झळकली. प्रतिक्रिया भरभरून आल्या. पुढच्या दोन सरावांना ‘क’ आला नाही. पोट दुखते असे घरून कळवले गेले. तिसऱ्या सरावाला त्याच्या आईने फोनवर सांगितले की तो म्हणतो, तिथे सगळे नाटक करतात.

त्यानंतर क्रीडाशिक्षकांनी आणि मी सरावाची आणि समितीची नोंद नव्याने तपासली. जे दिसले ते त्या एका सामन्यापुरते नव्हते. सरावातल्या एका डावात मी फक्त चेंडू कोणाच्या पायाला लागतो एवढेच मोजले. तीन जोडीदारांच्या पायांना तो जितक्या वेळा लागला, त्याच्या निम्म्या वेळाही चार खेळाडूंच्या वाट्याला आला नाही, आणि आला तेव्हा बहुधा गोलासमोर तयार करून दिलेला, फक्त ढकलायचा चेंडू होता. ‘न’ हा जोडीदार शाळेच्या मुख्य संघाचा कप्तान होता. तो मध्यभागी उभा राहून सगळा खेळ चालवी आणि शेवटचा स्पर्श मोठ्या मनाने दुसऱ्याला देई. समितीच्या इतिवृत्तांत तर चित्र आणखी स्पष्ट होते. सहा बैठकांमध्ये चार खेळाडू सदस्यांच्या नावावर एकही प्रस्ताव नव्हता. प्रत्येक ठरावापुढे ‘एकमताने मंजूर’ असे लिहिलेले होते. चौकशी केल्यावर कळले की जोडीदार सदस्य आदल्या रात्री मोबाइलवरच्या गटात सगळे ठरवून येत आणि त्या गटात खेळाडू सदस्य नव्हतेच.

युनिफाइड स्पोर्ट्सच्या प्रशिक्षणात ‘अर्थपूर्ण सहभाग’ या तत्त्वावर भर दिलेला असतो: प्रत्येकाच्या कौशल्याला खेळात खरे काम असावे आणि कोणीही खेळावर वर्चस्व गाजवू नये. हे तत्त्व आम्हाला पाठ होते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये दोन गटांतील पूर्वग्रह संपर्काने कमी होण्यासाठी चार अटी मांडल्या: त्या प्रसंगात दोघांचा दर्जा समान असणे, उद्दिष्ट समान असणे, ते सहकार्याने गाठले जाणे आणि अधिकाऱ्यांचा पाठिंबा असणे. आमच्याकडे शेवटची अट भरपूर पूर्ण झाली होती. पहिली झाली आहे असे आम्ही गृहीत धरले होते.

कोणते पर्याय होते

सर्व काही आहे तसे चालू द्यावे, हा पहिला पर्याय क्रीडाशिक्षकांनी प्रामाणिकपणे मांडला. त्यांचे म्हणणे असे की समोरच्या मुलांचा हेतू चांगला होता, त्यांना टोकले तर ती बिचकतील आणि पुढच्या वेळी खेळायलाच येणार नाहीत. या म्हणण्यात तथ्य होते. पण ‘क’ सरावाला येत नव्हता, ही वस्तुस्थिती त्यापेक्षा जड होती.

दुसरा पर्याय मिश्र संघ बंद करून खेळाडूंना स्वतंत्र स्पर्धांत उतरवण्याचा होता. तो हलका लेखण्याचे कारण नाही. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या पारंपरिक स्पर्धांत वय, लिंग आणि प्रत्यक्ष कामगिरी पाहून गट पाडतात, आणि एका गटातील सर्वांत चांगल्या व सर्वांत कमी कामगिरीतील फरक साधारण १५ टक्क्यांच्या आत राहावा असा प्रयत्न असतो. तिथे कोणी कोणासाठी थांबत नाही. एका खेळाडूच्या वडिलांनी याच पर्यायाचा आग्रह धरला आणि त्यांचे कारण सोपे होते: माझा मुलगा हरला तरी चालेल, पण त्याला कळले पाहिजे की तो हरला. अडचण एवढीच की मैदानाचे दोन भाग पुन्हा पडले असते.

तिसरा पर्याय नियमाचा होता. जोडीदारांनी गोल करायचाच नाही, असे ठरवावे. वर्चस्वावर हा झटपट उपाय वाटतो. मला सुरुवातीला तो पटलाही होता, पण थोडा विचार केल्यावर लक्षात आले की तो बचावपटूच्या पाठीमागे बांधलेल्या हातांनाच नियमाचे रूप देतो. ज्याला गोल करता येतो त्याने करायचा नाही, हे खेळातल्या प्रत्येकाला कळते, आणि सर्वांत आधी ज्याच्यासाठी तो नियम केला त्यालाच कळते.

चौथा पर्याय वेळखाऊ होता: संघाची जुळणी कौशल्याच्या निकषावर नव्याने करायची आणि संघाविषयीचे निर्णय खरोखर समितीकडे सोपवायचे. युनिफाइड स्पोर्ट्समध्ये स्पर्धात्मक, खेळाडू-विकास आणि मनोरंजनात्मक अशी तीन प्रारूपे आहेत. स्पर्धात्मक प्रारूपात खेळाडू आणि जोडीदार वयाने व कौशल्याने एकमेकांच्या जवळचे असावे लागतात; विकासाच्या प्रारूपात जास्त कौशल्याचे जोडीदार मार्गदर्शकाच्या भूमिकेत चालतात. आम्ही नाव पहिल्याचे घेत होतो आणि वागत दुसऱ्यासारखे होतो, आणि हे कोणालाही सांगितले नव्हते. बहुतेक गोंधळाचे मूळ इथेच होते. चौथा पर्याय निवडला.

काय केले

आधी ‘क’ची माफी मागितली. त्याच्या घरी जाऊन मी सांगितले की तू बरोबर पाहिले होतेस आणि मी ते तेव्हा मान्य करायला हवे होते. सामन्याचा अधिकृत निकाल पंचांचा होता. तो बदलणे आमच्या हातात नव्हते. संघाची स्वतःची वही मात्र आमची होती. तो गोल त्याच्या नावावरून काढावा का, असे विचारल्यावर त्याने हो म्हटले, आणि वहीत त्याच्या नावावर त्यानेच एक आडवी रेघ मारली. क्रीडाशिक्षकांना हे टोकाचे वाटले होते. नंतर त्यांचे मत बदलले.

चित्रफितीचा प्रश्न अधिक अवघड निघाला. वर्षाच्या सुरुवातीला पालकांनी छायाचित्रणाच्या संमतिपत्रावर सही केली होती, त्यामुळे नियमाने काही चुकले नव्हते, असे मुख्याध्यापिकांचे म्हणणे होते. ती चित्रफीत शाळेला मिळालेली सर्वांत चांगली प्रसिद्धी होती, हेही खरे. मी संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराचा आधार घेतला. त्याच्या कलम ३० मध्ये शाळेतील खेळांसह सर्व खेळांत अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने सहभागी होता यावे असे म्हटले आहे. पण आमच्या कामाचे कलम ७ होते, ज्यात मुलाला स्वतःशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा हक्क आणि त्यासाठी वयाला व अक्षमतेला साजेसे साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. ‘क’ला ती चित्रफीत दाखवून, कोण पाहू शकते हे समजावून, मग विचारले. त्याने काढा म्हणून सांगितले. काढली. कौतुक करणाऱ्या काही पालकांना ते आवडले नाही आणि त्यांना उत्तर देण्याचे काम मुख्याध्यापिकांनी स्वतःकडे घेतले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

संघाच्या जुळणीत ‘न’शी बोलणे सर्वांत नाजूक होते. त्याने वर्षभर मनापासून मेहनत केली होती आणि तो चुकला असे म्हणणे अन्यायाचे ठरले असते, कारण चूक रचनेची होती. त्याला सहायक प्रशिक्षकाची भूमिका देऊ केली. मुख्य संघातल्या मुलांऐवजी, फुटबॉलची आवड आहे पण निवडीत मागे पडतात, असे जोडीदार घेतले. समोरच्या शाळेला पत्र पाठवायचे ठरले, आणि ते ‘क’ व ‘ग’ने लिहिले. त्यात दोनच वाक्ये होती: ‘पुढच्या वेळी अडवा. आम्हाला खरं खेळायचं आहे.’

समितीच्या कामकाजात बदल लहान होते, पण त्यांनीच जास्त फरक पडला. बैठक मधल्या सुट्टीतून काढून एका पूर्ण तासिकेत घेतली. विषयपत्रिका दोन दिवस आधी, लहान वाक्यांत आणि चित्रांसह मिळू लागली. एका बैठकीत एकच निर्णय. मोबाइलवरच्या गटात निर्णय घ्यायचे नाहीत. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत कोणी बोलायचे नाही. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांच्या १९७० च्या दशकातील अभ्यासांत असे आढळले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली तरी उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात. आमच्या सदस्यांना तीन पुरत नव्हते. ती शांतता सुरुवातीला जोडीदारांना असह्य होई. हात वर करून मतदान बंद केले, कारण खेळाडू सदस्य शेजाऱ्याचा हात पाहून आपला हात उचलत असत. त्याऐवजी प्रत्येकाने हिरवे किंवा लाल कार्ड टेबलावर पालथे ठेवायचे आणि सर्वांनी एकदम उलटायचे. पहिल्याच मतदानात चार लाल कार्डे निघाली. ‘एकमताने मंजूर’ हे शब्द त्यानंतर इतिवृत्तात फारसे आले नाहीत.

काय घडले

कार्डे आल्यानंतर तिसऱ्या बैठकीत ‘ग’ने पहिला प्रस्ताव मांडला. तिचे म्हणणे समजायला आम्हाला वेळ लागला. ती ‘बस, बस’ म्हणत घड्याळाकडे बोट दाखवत होती. विशेष विभागाची बस सराव संपण्याच्या पंधरा मिनिटे आधी सुटते आणि डावपेचांची चर्चा सरावाच्या शेवटी होते. बसने जाणाऱ्या पाच खेळाडूंनी वर्षभरात ती चर्चा एकदाही ऐकली नव्हती. आम्ही मात्र त्यांना ‘जागा सांभाळता येत नाही’ असे म्हणत आलो होतो, आणि हा शेरा माझ्या हस्ताक्षरात दोन प्रगतिपत्रकांवर आहे. चर्चा सरावाच्या सुरुवातीला आणली, फळ्यावर चुंबकांनी जागा दाखवायला लागलो आणि दोन-तीन आठवड्यांत खेळाडू आपापल्या जागी दिसू लागले.

सगळेच निर्णय चांगले निघाले असे नाही. कप्तानपद प्रत्येक सामन्याला फिरते ठेवायचे, असे समितीने ठरवले. एका सामन्यात नाणेफेकीच्या वेळी कप्तान मुलगा गोंधळून गेला आणि एक शब्दही बोलेना. पंच थांबले, प्रेक्षक कुजबुजू लागले, आणि आम्हा मोठ्यांना निर्णय तिथेच फिरवावासा वाटला. फिरवला नाही. समितीने स्वतःच पुढे बदल केला: दोन कप्तान, एक खेळाडू आणि एक जोडीदार, आणि नाणेफेकीची रंगीत तालीम आदल्या सरावात.

पत्र पाठवल्यानंतर त्याच शाळेशी पुन्हा सामना झाला. आम्ही तीन गोलांनी हरलो. उत्तरार्धात ‘क’ने डावीकडून मारलेला फटका गोलरक्षकाने झेप घेऊन अडवला. ‘क’ने चिडून जमिनीवर पाय आपटला आणि धावत आपल्या जागेवर परत गेला. सामना संपल्यावर तो त्या गोलरक्षकाशी हात मिळवून बराच वेळ उभा होता. काय बोलले ते मी विचारले नाही.

‘न’ने सहायक प्रशिक्षकाचे काम महिनाभर केले आणि मग अभ्यासाचे कारण देऊन सोडले. स्वतंत्र स्पर्धांचा आग्रह धरणाऱ्या वडिलांनी आपल्या मुलाला संघातून काढून धावण्याच्या स्पर्धांत घातले. तो तिथे रमला आहे. हे दोन्ही आमच्या नोंदीत ‘गळती’ म्हणून लिहिले गेले होते. दुसऱ्याच्या बाबतीत तो शब्द मी खोडला आहे.

आज पुन्हा करायचे झाल्यास

संघ उभारण्याआधी मी खेळाडूंना विचारेन की तुम्हाला कशासाठी खेळायचे आहे. मैत्रीसाठी, जिंकण्यासाठी की घाम गाळण्यासाठी, यावरून प्रारूप ठरते, आणि एकाच संघात तिन्ही उत्तरे आली तर एकापेक्षा अधिक संघ लागतात. हा प्रश्न आम्ही पालकांना विचारला होता, शिक्षकांना विचारला होता, प्रायोजकांनाही विचारला होता.

वैद्यकीय बाबतीतही आमची ढिलाई झाली. डाउन सिंड्रोम असलेल्या काही व्यक्तींमध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा सैल असतो आणि मान दुखणे, चालण्यात बदल होणे, हातापायांत अशक्तपणा येणे अशी लक्षणे दिसल्यास खेळ थांबवून तातडीने तपासणी करावी लागते. ‘ग’ची या दृष्टीने तपासणी तिने अर्धे वर्ष सराव केल्यानंतर झाली. निष्पन्न काही झाले नाही, पण तो क्रम उलटा होता. पहिल्या सरावाआधी तपासणी आणि प्रशिक्षकाच्या हातात लक्षणांची यादी, हे आता मी अट म्हणून ठेवेन.

संमतिपत्र वर्षातून एकदा घेण्याऐवजी प्रत्येक प्रकाशनाआधी, त्या छायाचित्रातल्या विद्यार्थ्याला दाखवून घेण्याची पद्धत पुढे समितीने घातली. ती सुरुवातीपासून असती तर ‘क’चे तीन आठवडे वाया गेले नसते.

माझ्या उपस्थितीविषयीही एक गोष्ट नोंदवायला हवी. कार्ड पालथे ठेवण्याआधी ‘ग’ माझ्या चेहऱ्याकडे पाहत असे. हे लक्षात यायला मला दोन महिने लागले. त्यानंतर मी तिच्या मागे बसू लागले आणि पुढे बैठकीच्या पहिल्या पाच मिनिटांनंतर खोलीबाहेर जाऊ लागले. मदतनीसाने उत्तर द्यायचे नाही, फक्त प्रश्न पुन्हा वाचायचा, हा नियम मी इतरांसाठी केला होता आणि तो मलाच सर्वांत आधी लागू व्हायला हवा होता.

‘ग’ आता सहअध्यक्ष आहे आणि पुढच्या वर्षी शाळा सोडणार आहे. तिच्या जागी कोण, हे मुख्याध्यापिकांनी ठरवावे की समितीने, यावर दोन बैठका झाल्या आहेत. दुसऱ्या बैठकीत पाच हिरवी आणि तीन लाल कार्डे आली. लाल कार्डांपैकी एक ‘ग’चे होते. नवी सहअध्यक्ष आपण स्वतः निवडणार, असे तिचे म्हणणे आहे. हा विषय पुढील बैठकीच्या पत्रिकेवर एका रिकाम्या खुर्चीच्या चित्रासह पुन्हा ठेवला आहे.